आखाड्यावरचा वीजपंखा : जनित्र गावातच बांधता येते

मृग निघाला की जालना जिल्ह्यात ढग येतात. पाऊस येईलच असे नाही, वारा मात्र नेमाने येतो. त्या दिवसांत आखाड्यावरच्या सौर तावदानाला ऊन मिळत नाही आणि दिवा लवकर मंदावतो. अशा वेळी वाऱ्यावरचे छोटे जनित्र कामाला येते. मोटारी भरून देणारा वाइंडिंगवाला आणि एक हुशार वेल्डर, एवढी माणसे हाताशी असली तर ते अंबड-परतूरकडेही बांधता येईल.

ट्रॅक्टरचा जुना अल्टरनेटर पात्याला जोडला तर? हा प्रश्न हमखास येतो. जोडू नये. मिनिटाला हजाराच्या वर फेऱ्या झाल्याशिवाय तो नीट चालत नाही. शिवाय त्यातले चुंबक विजेवर तयार होते, म्हणजे तो आधी बॅटरीतूनच खातो. आठ फुटी पंखा मंद वाऱ्यात मिनिटाला दोनशेच्या आसपासच फिरतो. म्हणून कायम चुंबकाचे जनित्र हवे. जुन्या सायकलच्या डायनामोचाच हा मोठा भाऊ म्हणा ना!

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावर स्कोरेग नावाची, विजेच्या तारांपासून दूरची वस्ती आहे. तेथील ह्यू पिगट यांनी १९७० च्या दशकापासून भंगारातून असे पंखे बांधले. आधी मोटारीच्या ब्रेक ड्रमला चुंबके चिकटवून, पुढे सपाट तबकड्या वापरून. जगभर हौशी मंडळी आज हाच नमुना बांधतात. भंगार वितळवून सळई करणाऱ्या जालन्याला त्याचे नवल वाटू नये.

रचना अशी. सुमारे १२ इंच व्यासाच्या दोन जाड लोखंडी तबकड्या घ्यायच्या. प्रत्येकीच्या कडेने १२ निओडायमियम चुंबके, एक उत्तर, एक दक्षिण अशी बसवायची. तबकड्या समोरासमोर येतात तेव्हा उत्तरेसमोर दक्षिण आली पाहिजे. मधल्या फटीत तांब्याच्या इनॅमल तारेची ९ वेटोळी, रेझिनमध्ये ओतून भाकरीसारखी केलेली. ही भाकरी स्थिर राहते, तबकड्या फिरतात. पहिले, चौथे आणि सातवे वेटोळे एकामागे एक जोडले की एक फेज झाला. बाकीचे दोन तसेच. वेटोळ्यांत लोखंड नसल्याने चुंबक अडखळत नाही आणि पंखा झुळकेवरही सुटतो. फिरण्यासाठी भंगारातल्या मोटारीचा चाकाचा हब बेअरिंगसह चालतो.

तार किती भरायची, हाच खरा प्रश्न. ४६ बाय ३० बाय १० मिलिमीटरची चुंबके आणि १२ व्होल्टची बॅटरी धरली तर वेटोळ्याला ३५ ते ४० वेढे. बॅटरी २४ व्होल्टची असेल तर वेढे दुप्पट आणि तार बारीक. सगळी नऊ भरण्याआधी एकच भरून, तबकड्या हाताने मोजून फिरवून मीटर लावावा. फेऱ्या दुप्पट तर व्होल्ट दुप्पट, हा हिशेब सरळ आहे. तिन्ही फेज रेक्टिफायरमधून नेले की बॅटरीला लागणारा एकदिश प्रवाह मिळतो.

या चुंबकांशी खेळ नको. दोन तबकड्या एकमेकींवर झेपावल्या तर मधले बोट चिरडते. आटेदार सळयांवर नट फिरवत त्या हळूहळू जवळ आणाव्यात. मुलांना तेव्हा अंगणात फिरकू देऊ नये. साधी निओडायमियम चुंबके ८० अंश सेल्सिअसच्या वर जोर गमावतात, हेही ध्यानात असावे.

मिळते किती? सेकंदाला ४ मीटर वाऱ्यात आठ फुटी पंखा चाळीसेक वॉट देतो. वारा दुप्पट झाला तर वाऱ्यातली शक्ती आठपट होते. म्हणजे एलईडी दिवे, मोबाईल, लहानसा पंखा भागेल. तीन अश्वशक्तीची मोटार यावर चालवण्याचे कोणी सांगितले तर पैसे खिशातच ठेवावेत. पाण्यासाठी सौरपंपच बरा.

बॅटरी सोडवून पंखा कधीही मोकळा फिरू देऊ नये, तो उधळतो. जनित्राच्या तिन्ही तारा एकत्र जोडल्या की त्याला ब्रेक लागतो, पण हे वारा मंद असतानाच करावे. वादळात पंखा आपोआप वाऱ्याच्या तोंडातून बाजूला वळेल अशी दुमडती शेपटी हवी. आणि खांबाच्या बुंध्याशी बिजागरी ठेवावी, म्हणजे वळवाचे आभाळ भरून येण्याआधी दोघातिघांना तो आडवा करता येतो.