पंच्याहत्तर कोटींची वाटणी

टोकरखाड्यात संध्याकाळी खेळायला निघालेल्या मुलांत मेस्सीच्या नावाची एखादी तरी जर्सी दिसतेच. त्या मेस्सीला ऑगस्ट २०२१ मध्ये बार्सिलोना सोडावं लागलं. क्लबला तो हवा होता, त्यालाही राहायचं होतं, पगार निम्मा करून घ्यायलाही तो तयार होता. तरी जमलं नाही, कारण स्पॅनिश लीग प्रत्येक क्लबच्या पगारखर्चाला मर्यादा घालते. अध्यक्ष जोआन लापोर्ता यांनीच सांगितलं, की मेस्सी नसतानाही पगार उत्पन्नाच्या ९५ टक्के होते, तो धरला तर ११०. शेवटी जेरार्ड पिकेने स्वतःचा पगार कमी करून घेतला, तेव्हा कुठे नव्याने आलेल्या मेम्फिस डिपायची नोंदणी झाली.

म्हणजे मर्यादा आली की घासाघीस फक्त मालक आणि खेळाडू यांच्यात राहत नाही. एकाच्या पानात जास्त वाढलं की शेजारच्याला कमी. आपल्या जवळचं याचं उत्तम उदाहरण मात्र क्रिकेटमधलं आहे, मुंबई इंडियन्सचं.

आयपीएल २०२५ साठी प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची होती. भारताकडून खेळलेले पाच खेडाळू राखायचे तर दर ठरलेले: १८, १८, १४, १४ आणि ११ कोटी. एकूण ७५. पण हे ७५ कोटी आपापसांत कसे वाटायचे, ते संघावर सोडलं होतं. आता मुंबईची पंचाईत बघा. हार्दिक पांड्या संघाचा कर्णधार, सूर्यकुमार यादव भारताच्या टी-ट्वेंटी संघाचा कर्णधार, आणि रोहित शर्मा पाच विजेतेपदं मिळवून देणारा जुना कर्णधार. एका घरात तीन कर्ते! शिवाय बुमराह.

३१ ऑक्टोबर २०२४ ला, ऐन दिवाळीत, आकडे जाहीर झाले. बुमराह १८ कोटी, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक वर्मा ८. बेरीज करा, बरोबर ७५. टी-ट्वेंटीतून निवृत्त झाल्यामुळे आपला क्रमांक खाली असणं योग्यच आहे, असं रोहितनेच सांगितलं. मोठेपणा खराच, पण ते पाच लाख मला तरी मानापानाचेच वाटतात.

खरी गंमत खाली आहे. बुमराहचे १८ बाजूला काढा. ठरल्या दराने तिघा कर्णधारांचे मिळून ४६ होतात, त्यांना मिळाले ४९. पाचव्याचे ११ होतात, तिलकला मिळाले ८. वरचे तीन कोटी कुठून आले ते सांगायला नको.

सिल्वासात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे ओळखीचं वाटेल. विभागाच्या पगारवाढीची रक्कम आधीच ठरलेली असते, आणि वरच्यांचं समाधान झाल्यावर उरलेलं नव्या पोरांना.

मग २१ वर्षांच्या तिलकने लिलावात का उतरू नये? आधी त्याला १.७० कोटी मिळत होते, म्हणजे ८ कोटी काही वाईट नव्हते. आणि लिलावाचा भरवसा नसतो. मुंबईनेच १५.२५ कोटींना घेतलेला ईशान किशन या लिलावात ११.२५ कोटींना हैदराबादकडे गेला. पण नशीब बघा, पंधरवड्याच्या आत तिलकने दक्षिण आफ्रिकेत लागोपाठ दोन टी-ट्वेंटी शतकं ठोकली. लिलाव त्यानंतर, २४ नोव्हेंबरला सुरू झाला.

कबड्डीत उलट घडलं. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला यू मुंबाने ३६.४० लाखांना घेतलं होतं. तो असा खेळला की २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. संघाची थैली ४.४० कोटींची, म्हणजे एका चढाईपटूवर तिसरा हिस्सा. देसाईने त्या हंगामात चढाईचे दोनशेहून जास्त गुण मिळवले. पैसे वसूल. पण उरलेल्या २.९५ कोटींत बाकीचा सगळा संघ उभा करायचा होता, आणि टायटन्स बारा संघांत अकरावे आले. पुढच्या लिलावात त्यांनी त्यालाच पुन्हा १.३० कोटींना घेतलं. तो दुखापतीने लवकरच बाहेर बसला आणि टायटन्सने २२ सामन्यांत एकच जिंकला.