संगणक भंगारात काढण्याआधी एकदा खोलून पाहा

विहिरीवरची मोटर बंद पडली तर आपला शेतकरी लगेच नवी मोटर आणायला धावत नाही. आधी फ्यूज पाहतो, मग स्टार्टर पाहतो, केबल कुठे तुटली का ते चाचपतो. बेअरिंग गेले की वायंडिंग जळाले, हे कळल्याशिवाय तो खिशात हात घालत नाही. ग्रामपंचायतीचा संगणक बंद पडला की मात्र हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे. तालुक्याच्या दुकानदाराने "बोर्ड उडालाय, नवा घ्या" म्हटले की मासिक सभेत ठराव होतो आणि जुनी पेटी कोपऱ्यात पडते. पुढे तिच्यावर खताच्या जाहिरातींचे गठ्ठे बसतात.

पंचायत समितीच्या कामानिमित्त गावोगाव फिरताना अशा पेट्या मी बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यातल्या एकीची ही हकिकत. सरपंच, ग्रामसेवक आणि केंद्र चालविणाऱ्या मुला-मुलींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

जुलै २०२५ मधली गोष्ट. खरीप पीकविम्याची तेव्हा जाहीर झालेली मुदत ३१ जुलै होती आणि दहा-बारा दिवस उरले असताना आमच्या तालुक्यातल्या एका गावचा संगणक बंद पडला. बटण दाबले की पंखा फिरे, आतून टूं-टूं असा आवाज येई आणि पडदा काळाच राही. यंत्र २०१३ मध्ये घेतलेले. विम्याचा अर्ज भरायचा तर माणसांना बारा किलोमीटरवर तालुक्याला जावे लागे, तिथे रांग, म्हणजे ऐन भातलावणीत एक दिवस बुडाला. सरपंच म्हणाले, "अहो साहेब, नवा घ्यायला आमची ना नाही. पण ठराव, दरपत्रकं, खरेदी, यात महिना जातोय. तवर विमा थांबतोय व्हय?"

मला घरच्या कामासाठी मुंबईला जायचेच होते. ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गाव अजून भाऊसाहेबच म्हणते) म्हणाले, "गावचा एक पोरगा शिवडीला आहे. संगणकाचा नाद आहे त्याला. एकदा दाखवून तर बघा." पेटी बाहेर नेल्याची नोंद केली, मी पोच लिहून दिली आणि पावसात भिजू नये म्हणून ती युरियाच्या दोन रिकाम्या गोण्यांत गुंडाळून एस.टी.त चढलो. कंडक्टरने विचारले, "आत जिवंत काही नाही ना?" मी म्हटले, "नाही, मेलेलंच आहे."

शिवडीच्या पोटमाळ्यावर

शिवडी म्हटले की आपल्याकडच्या जुन्या माणसांना कापसाच्या वखारी आणि गोदी आठवते. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी माणसांनी तिथे माथाडी म्हणून पाठीवर ओझी वाहिली. या पोराचे आजोबा त्यांतलेच. आता त्याच शिवडीतून समुद्रावरचा अटल सेतू निघतो, त्याचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले. पोरगा मात्र अजून आजोबांच्याच चाळीतल्या खोलीत राहतो. दिवसा कुरिअरच्या कचेरीत नोकरी आणि रात्री पोटमाळ्यावर उघडे संगणक. आठवीत असताना भंगारवाल्याकडून आणलेल्या दोन पेट्यांचे भाग जुळवून त्याने पहिला संगणक उभा केला होता. कुठला कोर्स नाही, शिक्षण बारावी.

त्याच्या आईने चहा ठेवला आणि तो म्हणाला, "दादा, दुकानदारानं पेटी उघडली होती का?" मी म्हटले, ठाऊक नाही. त्याने मागचे दोन स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला आणि हसला. आत धुळीचा थर जसाच्या तसा होता. पंख्याच्या पात्यांत जाळी, तळाशी पालीची दोन अंडी. पेटी उघडून पाहण्याचे कष्टही न घेता कोणी तिला मेलेली ठरविले होते. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण असे दुकान प्रत्येक तालुक्यात आहे.

आता त्याने काय केले ते सविस्तर सांगतो. वायर आधीच काढलेली होती, तरी त्याने सुरू करायचे बटण दहा सेकंद दाबून धरले. आत साठलेली वीज अशाने निघून जाते. मग पत्र्याला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर विजेची ठिणगी नाजूक भागांवर उडत नाही. रंगकामाच्या कोरड्या ब्रशाने धूळ झाडली. नंतर रॅम काढली. रॅम म्हणजे फुटपट्टीच्या तुकड्यासारखी एक हिरवी पट्टी, तिच्या खालच्या कडेला सोनेरी दात असतात. ते दात दमट हवेने काळवंडले होते. त्याने भाच्याच्या कंपासपेटीतले खोडरबर घेतले, दातांवर हलकेच फिरवले, चुरा झटकला आणि पट्टी खाचेत बसवून दोन्ही बाजूंच्या कड्या 'टक्' वाजेपर्यंत दाबली. वायर लावली, बटण दाबले. एकच 'टूं' झाले आणि पडदा उजळला.

एका खोडरबराचे काम! मला आनंद झाला तसा रागही आला.

"थांबा दादा, हे बघा," तो म्हणाला. पडद्यावरच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २०१३.

'सर्व्हर डाऊन'चे खरे कारण

ही तारीखच या लेखाचे मूळ आहे. केंद्र चालविणारी मुलगी वर्षभर सांगत होती की कधी कधी सरकारी संकेतस्थळे उघडतच नाहीत, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे काहीतरी येते. गावात त्याला एकच नाव, सर्व्हर डाऊन. माणसे चार-चार वेळा हेलपाटे घालून परत जात आणि तिला बोल लावत.

संगणकाच्या बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा चपटा सेल असतो, २०३२ क्रमांकाचा, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो संपला की वीज गेल्याबरोबर घड्याळ पुन्हा जुन्या तारखेवर जाते. आता बियाण्याच्या पिशवीचे उदाहरण घ्या. तिच्यावर परीक्षणाची तारीख आणि मुदत छापलेली असते. दुकानातला माणूस आज २०१३ साल आहे असे धरून बसला, तर २०२५ मध्ये तपासलेली पिशवी तो खोटी ठरवील. संकेतस्थळांनाही असेच मुदतीचे प्रमाणपत्र असते. घड्याळ चुकलेला संगणक ते नाकारतो. म्हणजे सर्व्हर चालू होता, आपलेच कॅलेंडर बारा वर्षे मागे गेले होते.

मी तिथूनच त्या मुलीला फोन केला. ती वहीत नोंदी ठेवते. तिने वही चाळली आणि म्हणाली, "साहेब, खरंच की! ज्या रात्री लाईट गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशीच सर्व्हर डाऊन लिहिलंय." सेलची किंमत दोघांच्या चहा-वड्याएवढी. तो न बदलल्याने गावाचे किती दिवस गेले याचा हिशेब मी केला नाही, करवत नाही.

वारणानगरच्या ऊस उत्पादकांना हे नवीन वाटणार नाही. १९९८ मध्ये तिथे सहकारी साखर कारखान्याच्या जोडीने 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला, सत्तरेक गावांसाठी संगणक केंद्रे उभी राहिली. देशभर नाव झाले. पुढे यंत्रे जुनी झाली, देखभाल महाग पडू लागली, विजेचा त्रास होताच. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या एस.एम.एस.वर तेच काम करून दाखविले. मोबाईल जिंकला याचे मला वाईट वाटत नाही. पण गावात पेटी उघडणारा माणूस तयार केला नाही तर यंत्र कितीही चांगले असले तरी काय होते, ते तिथे दिसले.

लॅमिंग्टन रोडची खरेदी

यंत्र सुरू झाले तरी फार संथ होते. अर्ज उघडेपर्यंत शेतकरी तंबाखू मळून, खाऊन, थुंकून येई. पोरगा म्हणाला, जुना बैल पळत नाही असं नाही, गाडीची चाकं घासलीत. इथे चाके म्हणजे हार्ड डिस्क आणि रॅम. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, नव्या एस.एस.डी.मध्ये फिरणारे काही नसते, म्हणून ती कितीतरी जलद चालते आणि धक्क्यालाही टिकते.

दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदारही जुनेच नाव सांगतात. आधी रेडिओच्या सुट्या भागांचा हा बाजार, पुढे संगणकाचा झाला. पहिल्याच दुकानात दोन भाव सांगितले, एक बिलासह आणि एक बिलाशिवाय. दुसरा बराच कमी. मी पहिला घेतला. ग्रामपंचायतीच्या प्रमाणकाला पक्के बिल लागते, आणि त्या बिलावर वस्तूचा अनुक्रमांक व हमीची मुदत लिहिलेली नसेल तर उद्या दुकानदार ओळखही देणार नाही.

आणखी एक. नुसती "रॅम द्या" म्हणून भागत नाही. डी.डी.आर.-३ च्या खाचेत डी.डी.आर.-४ बसत नाही, दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला गेलात तर बोर्डच जाईल. पंपाचा इंपेलर आणायला जाताना आपण पंपाचा नंबर नेतो, तसा बोर्डावरचा नंबर आणि जुन्या पट्टीचा फोटो मोबाईलमध्ये न्यावा. आम्ही चार जी.बी.ची रॅम आणि २४० जी.बी.ची एस.एस.डी. घेतली. वेळ बरी साधली म्हणायची, कारण २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव कांद्यासारखे चढले. कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे जगभर उभी राहत आहेत आणि कारखान्यांचा माल तिकडे जातो आहे. तेव्हा खरेदीआधी चौकशी करावी.

आता नीट ऐका, कारण सगळ्याच जुन्या पेट्या जगवाव्यात असे माझे म्हणणे नाही. बोर्डावर छोट्या डब्यांसारखे कपॅसिटर असतात, त्यांची टोपणे फुगलेली दिसली तर खर्च वाढवू नये. दुसरे, विंडोज-१० चा नियमित आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला आणि २०१३ चे यंत्र विंडोज-११ च्या अधिकृत अटींत बसत नाही. लिनक्स फुकट मिळते, आपल्या सी-डॅकचे 'बॉस' त्यातलेच. पण अंगठ्याचे यंत्र आणि डिजिटल सहीची चावी त्यावर चालते का, हे तपासल्याशिवाय बदल करू नये. माझे मत विचाराल तर पैशाचे व्यवहार आणि सहीचे काम नव्या यंत्रावर करावे. जुने दाखले टंकणे, छपाई आणि माहिती पाहणे यांसाठी ठेवावे. फुकटच्या चोरट्या प्रती तर सरकारी कामाच्या यंत्रावर घालूच नयेत.

यंत्र गावी परत आणले तेव्हा विम्याला पाच दिवस होते. मुलीने रात्री नऊपर्यंत बसून अर्ज भरले.

त्यानंतर मी गावोगावच्या केंद्रांत पोराच्या पद्धतीने पाहू लागलो. यंत्रात काहीच दिवा लागत नसेल तर आधी भिंतीवरचे सॉकेट आणि वायर पाहावी. ती ठीक असेल तर दोष बहुधा वीजपुरवठ्याच्या डबीत, जिला एस.एम.पी.एस. म्हणतात. ती अख्खी बदलावी, कधीही उघडू नये, वायर काढल्यावरही आत झटका बसण्याइतकी वीज राहते. पंधरा-वीस मिनिटे चालून आपोआप बंद होत असेल तर ट्रॅक्टरचे रेडिएटर कचऱ्याने बुजल्यासारखे समजावे. प्रोसेसरवरचा पंखा साफ करावा, त्याखालचा उष्णता वाहणारा लेप वाळला असेल तर नवा लावावा. हार्ड डिस्कमधून टक्-टक् आवाज आला तर त्याच दिवशी माहितीची दुसरी प्रत करून घ्यावी, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. हमीची मुदत चालू असलेल्या यंत्राचे सील मात्र आपण तोडू नये, कंपनीच्या माणसालाच बोलवावे.

अर्थात निम्मा रोग विजेचाच आहे. कृषिपंप सुरू झाले की दाब पडतो, एकदम बंद झाले की चढतो. आमच्या या गावात तर अर्थिंगची तार खिडकीच्या गजाला बांधलेली सापडली! कोळसा-मिठाचा खड्डा करून नीट अर्थिंग घेतले, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे काम शिपायाला सांगितले. यू.पी.एस.ची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, तिच्यावर फक्त संगणक आणि पडदा ठेवावा, लेझर प्रिंटर लावू नये. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लग काढावा, इंटरनेटची तांब्याची केबल असेल तर तीही काढावी.

काढलेली जुनी हार्ड डिस्क आम्ही भंगारवाल्याला दिली नाही. तिच्यात गावाचा नमुना ८ होता, लोकांच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या. जडवस्तू नोंदवहीत नोंद करून ती कपाटात कुलपात ठेवली आहे. बाकीचा कचरा १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे नोंदणीकृत घेणाऱ्याकडेच द्यायचा असतो, हे भाऊसाहेबांनी स्वतःच काढून दाखविले.

शेजारच्या गावातही एक पेटी अशीच कापडाखाली पडून आहे. मी शिवडीला फोन केला. पोरगा म्हणाला, "चैत्रात यात्रेला येतोय दादा, तोवर कुणाला विकू देऊ नका. आणि केंद्र चालवणाऱ्या ताईला सांगा, या खेपेला पेटी तिनं उघडायची, मी नुसता बाजूला बसणार." ताईने खोडरबर आणून ठेवले आहे.