माथेरानची राणी: समज, गैरसमज आणि वस्तुस्थिती

नेरळला लोकलमधून उतरले की माथेरानची चिमुकली गाडी नजरेस पडते. मुले तिला खेळण्यातली गाडी म्हणतात आणि मोठेही तसेच समजतात. तिचा खरा इतिहास कळला, तर तिच्याकडे आदरानेच पाहावे लागते.

गैरसमज: ही रेल्वे इंग्रज सरकारने बांधली.
वस्तुस्थिती: तिच्यासाठी पैसा घातला तो मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये काम सुरू झाले. सुमारे १६ लाख रुपये खर्चून १९०७ मध्ये गाडी धावू लागली. सल्लागार अभियंता होते बार्शी लाइट रेल्वेचे एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

गैरसमज: चढावर गाडी घसरू नये म्हणून रुळांमध्ये दातेरी पट्टी आहे.
वस्तुस्थिती: तशी पट्टी निलगिरी रेल्वेला आहे, माथेरानला नाही. इथे काही ठिकाणी २० फुटांमागे १ फूट चढ आहे आणि तो गाडी केवळ चाक व रुळाच्या पकडीवर चढते. दोन रुळांमधले अंतर अवघे दोन फूट आहे, तेही डोंगराच्या कडेने आवळ वळणे घेता यावीत म्हणून.

गैरसमज: जुनी वाफेची इंजिने म्हणजे मोठ्या इंजिनांच्या छोट्या प्रतिकृती.
वस्तुस्थिती: ती खास या घाटासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने घडवली. सहा चाके एकत्र जोडलेले इंजिन तीव्र वळणावर अडते. म्हणून पुढच्या आणि मागच्या आसाला क्लीन-लिंडनर रचना दिली होती. आत भक्कम आस, त्याभोवती पोकळ आस आणि मध्यावर गोल सांधा. त्यामुळे टोकाची चाके वळणाबरोबर वळत आणि जोर सहाही चाकांना मिळे.

गैरसमज: ती सगळी इंजिने भंगारात गेली.
वस्तुस्थिती: ७३९ क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमधील लेटन बझर्ड रेल्वेने जपले आहे.

गैरसमज: ही रेल्वे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.
वस्तुस्थिती: त्या यादीत दार्जिलिंग (१९९९), निलगिरी (२००५) आणि कालका-सिमला (२००८) या डोंगरी रेल्वे आहेत. माथेरानचे नाव अजून संभाव्य यादीतच आहे.

गैरसमज: पावसाळ्यात गाडी पूर्ण बंद असते.
वस्तुस्थिती: दरडींच्या भीतीने नेरळ ते अमन लॉज हा घाटातला टप्पा बंद ठेवतात. अमन लॉज ते माथेरान शटल मात्र पावसातही चालते.

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा मार्ग जागोजागी वाहून गेला, तरी तो दुरुस्त करून २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुढच्या वेळी माथेरानला जाताना टॅक्सीची घाई करू नका. नेरळहून गाडीतच बसा आणि मुलांना सांगा, हे खेळणे नाही, माणसांनी डोंगरावर चढवलेली खरीखुरी रेल्वे आहे.