इशाऱ्याच्या तारेंतील दाब

डोंगराळ मुलखांत बिनतारी संदेशाला पहिला अडथळा होतो तो डोंगराचाच. नंदुरबार जिल्ह्यांतील अक्राणी तालुक्याचें उदाहरण घ्यावें. हौशी बिनतारीवाले ज्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात, त्या बहुधा सरळ रेषेंत जातात. त्यामुळें एका खोऱ्यांतील शब्द पलीकडच्या खोऱ्यांत पोंचत नाहीं. अशा प्रदेशांत रिपीटरला तोरणमाळासारखें, हजार मीटरांहून उंच स्थान सोयीचें. एका लहरीवर ऐकावें आणि तेंच त्याच क्षणीं, सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ अंतरावरील दुसऱ्या लहरीवर, जोरानें बोलून दाखवावें, एवढेंच त्याचें काम.

परंतु कोणी बोलत आहे हें प्रक्षेपकाला कळावें कसें? त्यासाठीं ग्राहकयंत्रापासून नियंत्रकापर्यंत एक तार असते. पुष्कळ यंत्रांत शांततेच्या वेळीं या तारेवर ५ व्होल्ट दाब असतो व आवाज येतांच ग्राहकांतील ट्रान्झिस्टर तो शून्याजवळ खेंचतो. टी. टी. एल. जातीचा नियंत्रक ०.८ व्होल्टच्या खालीं ‘आवाज आहे’ व २ व्होल्टच्या वर ‘आवाज नाहीं’ असें समजतो. मधला दाब म्हणजे संशयाचा प्रदेश! तेथें यंत्र कधीं मुकें राहतें, तर कधीं विनाकारण बोलत सुटतें.

शांततेंतही दाब १.४ व्होल्टच भरला, तर श्रोतेहो, दोष कोठें शोधावा? ग्राहकाकडील टोंक सोडवून नियंत्रकापाशीं पुन्हां मोजावें. दाब ५ वर चढला, तर ट्रान्झिस्टर गळका आहे. न चढला, तर तार कोठें तरी चिकटली आहे काय तें पाहावें आणि वर खेंचणारा रोध, त्याचा पुरवठा अथवा नियंत्रकाचें प्रवेशद्वार तपासावें.

उलट, आवाज असतांना दाब खालीं येत नसेल, तर मीटरचीं टोंकें दोन्ही यंत्रांच्या सांगाड्यांना लावावींत. तेथें अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला, तर दोघांची भूमि एक नाहीं. पावसाळी दमटपणानें गंजलेला सांधा घासून घट्ट करावा. तेथें कांहींच दिसलें नाहीं, तर ट्रान्झिस्टर पुरता उघडत नसण्याचा संभव धरावा.

दरड कोसळून वाट बंद झाली असतां एखाद्या रुग्णाचा निरोप पुढें जाणें याच तारेवर अवलंबून असतें. म्हणून हें मोजमाप पावसाळ्यापूर्वींच करून, भरलेले आंकडे यंत्राच्या पेटींत लिहून ठेवावेत.