आरोग्य विम्याचे प्रकार आणि खोलीचे भाडे

"विमा तीन लाखांचा, बिल दोन लाखांचे, मग आम्ही पैसे कसले भरायचे?" रुग्णांच्या नातेवाइकांचा हा प्रश्न आम्हांस वरचेवर ऐकावा लागतो, आणि तो रास्तही आहे.

नेहमीचा मेडिक्लेम हा खर्चाची भरपाई देणारा विमा होय. गंभीर आजाराच्या पॉलिसीत बिलाशी संबंध नसतो. ठरलेल्या आजाराचे निदान झाल्यावर अटींनुसार ठरलेली रक्कम एकदम मिळते. फॅमिली फ्लोटरमध्ये सर्व कुटुंबाची रक्कम सामाईक असते. एकाच्या आजारपणात ती संपली, तर वर्षअखेरपर्यंत इतरांस फारसे काही उरत नाही. नोकरीतील सामूहिक विमा बहुधा नोकरीबरोबरच संपतो.

खरी गुंतागुंत खोलीभाड्याच्या मर्यादेत आहे. अनेक पॉलिसींत ही मर्यादा प्रतिदिन विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे ३ लाखांवर ३,००० रुपये असते. रुग्णाने ६,००० रुपयांची खोली पाच दिवस घेतली, तर ३०,००० पैकी १५,०००च मंजूर होतात. एवढ्यावर भागत नाही. डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह यांचे दर खोलीच्या वर्गानुसार बदलत असल्याने तेथेही निम्मी कपात होते. १ लाखातील ५०,००० जातात. औषधे, इम्प्लांट व तपासण्यांना २०२० च्या नियमांनुसार ही प्रमाणशीर कपात लागू नाही. त्यांचे ७०,००० मिळतात. दोन लाखांपैकी ६५,००० घरच्यांवर येतात.

जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ पासून कमाल ३६ महिन्यांवर आली आहे. मात्र पॉलिसी घेताना आजार लपवू नये. एजंट काहीही सांगो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटा राखीव असतात. विमाधारक मध्यमवर्गीय कुटुंब बहुधा त्या उत्पन्नमर्यादेत बसत नाही, आणि वरील ६५,००० रुपयांसाठी घरातला दागिना गहाण पडतो. देणगीदारांच्या साहाय्यातून अशांचा भार आम्ही यथाशक्ती हलका करतो. तरी दाखल होतानाच पॉलिसीची प्रत प्रवेशकक्षात द्यावी. खोली निवडण्यापूर्वी आमचे कर्मचारी तीतील भाडेमर्यादा पाहून सांगतील.