इंजिन बदललंत, आता गिअरबॉक्स

जुन्या जीपला दुसरं इंजिन बसवलं की मूळ गिअरबॉक्स त्याला जुळेलच असं नाही. मग कुर्ल्याच्या भंगार बाजारातून दुसरा शोधावा लागतो. वसई तालुक्यातल्या जूचंद्रला घरच्या अंगणात हे काम करणार असाल तर पैसे मोजण्याआधी मापं घ्या.

बेल हाउसिंगची भोकं इंजिनला जुळली नाहीत तर मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. खरी मेख आहे क्लच प्लेटची. तिच्या मधल्या दात्यांत गिअरबॉक्सचा शाफ्ट अलगद सरकला पाहिजे आणि तिचा व्यास फ्लायव्हीलला, प्रेशर प्लेटला जुळला पाहिजे. शाफ्टचं टोक क्रँकच्या पायलट बेअरिंगमध्ये शिरतं. शाफ्ट आणि क्रँक यांचे मध्य एकमेकांपासून साधारण ०.१३ मिलिमीटरच्या आत हवेत. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, डायल गेज लावाच. बोल्ट आवळून गिअरबॉक्स ओढून बसवू नका. अडला तर उतरवा, कारण शोधा; नाहीतर हाउसिंगचा कान तुटतो. गिअरबॉक्सची लांबी बदलली की प्रोपेलर शाफ्टही लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरफार करता येत नाही; इंजिन बदलायलाही आरटीओची मंजुरी लागते. वसई तालुक्यासाठी एमएच-४८ चं कार्यालय आहे. पाना हातात घेण्याआधी तिथे चौकशी करा.