कानातले रातकिडे

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी संपत आली होती. शेवटचा पेशंट म्हणून चोवीस वर्षांचा एक मुलगा आईला घेऊन आत आला. खरे म्हणजे आईच त्याला घेऊन आली होती. तो खाली मान घालून बसला. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्याला हाका मारून माझा घसा बसायची वेळ आली. रात्री मधेच उठून बसतो, म्हणतो घरात रातकिडे ओरडतायत. मी फडताळं हलवून झाडून काढलं. एक किडा नाही सापडला."

रातकिडे घरात नव्हते, त्याच्या कानात होते. काय काम करतोस म्हणून विचारले, तर गॅरेजमध्ये आहे म्हणाला. मोटारसायकलींचे, विशेषतः बुलेटचे, कंपनीचे सायलेन्सर काढून बाजारातले दुसरे बसवायचे हे त्याचे मुख्य काम. इंदोरी, पंजाबी अशी त्यांची नावे त्याने मला भराभर सांगितली. काही गिऱ्हाइकांना एवढेही पुरत नाही. त्यांच्यासाठी आतली पुंगळी काढून टाकायची, गाडी चालू करून रेस द्यायची, कान लावून ऐकायचे, आणि मालक 'अजून थोडा' म्हणाला की पुन्हा पाना हातात घ्यायचा. सहा वर्षे हे चालू होते.

त्याची ऑडिओमेट्री केली. ज्यांनी ही तपासणी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे बारीक आवाज ऐकवतात. कोणता आवाज किती हळू असेपर्यंत ऐकू येतो याचा आलेख काढतात. या मुलाचा आलेख सुरुवातीला सरळ होता. चार हजार हर्ट्झच्या आसपास मात्र तो विहिरीत पोहरा सोडावा तसा खाली गेला होता, आणि पुढे पुन्हा थोडा वर आला होता. ही खाच दिसली की कानाच्या डॉक्टरला पहिली शंका येते ती गोंगाटाची. मागावर काम करणारे विणकर, लोहार, बँडवाले यांच्या आलेखात ती आम्ही वर्षानुवर्षे पाहतो. मोटारसायकलच्या मेकॅनिकमध्ये, तेही या वयात, मी ती प्रथमच एवढी स्पष्ट पाहिली.

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसासारखे टोक असलेल्या पंधरा-सोळा हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला निरोप धाडतात. फार मोठा आवाज झाला की त्या पिकावरून वावटळ जावी तशा झोपतात. थोड्या वेळाने बऱ्याचशा पुन्हा उभ्या राहतात. लग्नाच्या मिरवणुकीतून आल्यावर कान दडे बसल्यासारखे वाटतात आणि सकाळी मोकळे होतात, ते यामुळेच. पण हाच मार रोज बसला तर काही पेशी कायमच्या मरतात. कातडी पुन्हा येते, हाड सांधते, ही पेशी मात्र माणसात पुन्हा उगवत नाही. आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'सात' म्हणाले की 'साठ', 'फार' की 'चार', असा घोळ सुरू होतो. घरचे म्हणतात, ह्याचे लक्ष नसते. त्या आईचेही तेच म्हणणे होते.

आता डेसिबलविषयी थोडे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. ८० आणि ९० डेसिबलमध्ये फरक दहाचाच दिसतो. पण ही मोजपट्टी किराणा दुकानातल्या वजनांसारखी नाही. दहा डेसिबल वाढले की आवाजातली शक्ती दसपट होते. कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो, आणि म्हणूनच आपण गाफील राहतो. तीन डेसिबल वाढले तरी शक्ती दुप्पट झालेली असते. कामगारांच्या आरोग्यासाठी जे कोष्टक वापरतात त्यात ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम चालते, ८८ मध्ये चार तास, ९१ मध्ये दोन तास. याच हिशेबाने १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे उरतात. पुंगळी काढलेल्या बुलेटला रेस दिली की हातभर अंतरावर आवाज शंभराच्या पुढे सहज जातो. आमच्या मेकॅनिकची दिवसभराची शिदोरी पहिल्या चहाच्या आधीच संपत होती.

मला बुलेटचा राग नाही. माझ्या लहानपणी गावात एकच बुलेट होती, ती फौजदारांची. ती चौकात वळली की आम्ही पोरे गोट्या टाकून उभे राहायचो. एका सिलिंडरचे हे इंजिन उभ्या गाडीत सावकाश चालू असताना सेकंदाला साधारण दहा ठोके देते, म्हणून तो धक धक असा वेगळा ऐकू येतो. पण तो ठोका सायलेन्सरमधून गाळून आलेला असे. इंजिनातून धूर स्फोटाच्या जोराने बाहेर पडतो. सायलेन्सरमधले कप्पे आणि भोकांच्या नळ्या त्याला वळसे घ्यायला लावून त्याचा जोर मोडतात. ते कप्पेच काढले की उरतो तो स्फोट. चालत्या गाडीत चावी बंद-चालू करून जे फटाके फोडतात त्यात तर न जळलेले पेट्रोल गरम नळीत पेट घेते. पैसे मोजून विकत घेतलेले पेट्रोल असे वाया घालवण्यात कसली ऐट, हे मला कळलेले नाही.

कायदा काय म्हणतो? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, असे स्पष्ट आहे. नव्या गाडीच्या आवाजाची चाचणी कारखान्याच्या पातळीवरच होते. २००५ पासून लागू झालेल्या मापाप्रमाणे ८० ते १७५ सीसीच्या मोटारसायकलीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबल ही मर्यादा आहे. हे मोजमाप ठरावीक रीतीने, जाणाऱ्या गाडीपासून साडेसात मीटरवर करतात. म्हणजे शोरूममधून गाडी बाहेर येते ती कायद्यात बसणारी. ती कायद्याबाहेर जाते गॅरेजमध्ये, अर्ध्या तासात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आवाजाचे निकष मोडणाऱ्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द अशी तरतूद केली. परवानगी नसलेला बदल गाडीत केला तर मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड वेगळा. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवले, त्याची छायाचित्रे आपण पाहिली आहेतच.

एका वाचकांनी मागे विचारले होते की, निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबल असताना गाडीला ८० कशी चालते? उत्तर असे की ५५ ही त्या जागेच्या आवाजाची काही वेळाची सरासरी आहे आणि ८० हा एका गाडीचा क्षणभराचा कमाल आवाज. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ ही मर्यादा आहे. दवाखाने, शाळा, न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असते. तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. आमचा दवाखाना ज्या रस्त्यावर आहे तिथे तशी पाटीही आहे. पाटीच्या खांबालाच गाड्या टेकवून रात्री साडेअकराला मंडळी गप्पा मारतात आणि निघताना एकेक जण रेस देऊन सलामी देतो.

ही सलामी वरच्या मजल्यावर कोणाला पोचते ते मी पाहतो. झोपलेल्या माणसाचे डोळे मिटलेले असतात, कान नाही. जाग आली नाही तरी अशा आवाजाने नाडी जलद होते, रक्तदाब थोडा वेळ चढतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी विचारले तर पेशंट म्हणतो, झोप लागली होती, पण अंग जड आहे. झोपेच्या खोलीत अधूनमधून होणारा आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ सालीच सुचवले होते. बुलेटचा घुमणारा खर्जातला आवाज बंद खिडकीलाही फारसा जुमानत नाही.

तरुण म्हणतात, आवाज असला की लोक बाजूला होतात, अपघात टळतो. सायलेन्सरचे तोंड मागे असते. पुढच्या मोटारीत काचा लावून बसलेल्याला तो उशिरा ऐकू येतो. रस्त्याच्या कडेच्या घरातल्या बाळंतिणीच्या बाळाला मात्र लगेच, आणि ते दोन्ही हात फेकून दचकते. स्वतः चालवणाराही सुटत नाही. वेगात गाडी चालवताना हेल्मेटमध्ये वाऱ्याचाच आवाज भरपूर असतो, त्यात ही भर. म्हणून लांबच्या प्रवासानंतर कानात कुईं वाजत असेल किंवा घरच्यांनी टीव्हीचा आवाज कमी करायला सांगितला असेल, तर एकदा ऑडिओमेट्री करून घ्या. आणि मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर भांडण करू नका. त्याचा आकडा अंदाजापुरताच असतो. रात्रीचा त्रास असेल तर ११२ वर फोन करा, गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा.

त्या मुलाला मी नोकरी सोड म्हणालो नाही. घर त्याच्यावर चालते. त्याने विचारले, "हे काम सोडलं तर रातकिडे जातील का?" गेलेल्या पेशी येणार नाहीत, हे मला सांगावे लागले. पण मार थांबला तर आलेख आणखी खाली जाण्याचे कारण नाही, आणि आवाजाची सवय होऊन त्रास कमी होतो. कानात कापूस घालत होता, त्याचा उपयोग नव्हता. त्याला कान झाकणारे इअरमफ वापरायला सांगितले. झोपताना खोलीत अगदी शांतता ठेवण्यापेक्षा पंखा चालू ठेव, म्हणजे रातकिडे मागे पडतात, हेही सांगितले.

गेल्या महिन्यात तो पुन्हा आला, या वेळी एकटा. आलेखातली खाच होती तेवढीच आहे. इअरमफ लावतो, गॅरेजमधली पोरे हसतात म्हणाला. नवे सायलेन्सर बसवणे त्याने मालकाशी बोलून बंद केले आहे, पण कामाला तोटा नाही. दंडाची पावती मिळालेली गिऱ्हाइके कंपनीचा सायलेन्सर परत बसवायला येतात. "पूर्वी आम्ही ते भंगारात टाकायचो," तो म्हणाला, "आता माळ्यावर नावं टाकून ठेवलेत." सहा महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावले आहे.